आधी पुस्तक बोललं, मग एलपी आली

कानात इयरफोन असतील, कदाचित लोकलमध्ये लटकत असाल, आणि मला दीडपट वेगानं पळवत असाल. पळवा, आपली हरकत नाही. ही सवय मी पहिल्यांदा पाहिली ती कॉलेजात. माझा एक मित्र पूर्ण अंध. परीक्षेआधी मी त्याला अर्थशास्त्राचं पुस्तक फोनवर रेकॉर्ड करून द्यायचो. मोठ्या हौसेनं, आवाज चढवत-उतरवत. तो ते दुप्पट वेगानं ऐकायचा. वर म्हणाला, "अरे, नाटक नको करूस. मजकूर दे." जरा लागलंच मला. पण ज्या दिवशी मला ताप यायचा, त्या दिवशी त्याचा अभ्यास बंद, हे मात्र मला तेव्हा खटकलं नव्हतं. ते खटकलं आजची गोष्ट वाचताना.

लायब्ररी ऑफ काँग्रेस म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालयच म्हणा. ३ मार्च १९३१ ला तिथे एक कायदा झाला: या ग्रंथालयानं प्रौढ अंधांना पुस्तकं पुरवायची, त्यासाठी वर्षाला १ लाख डॉलर. पुस्तकं म्हणजे अर्थातच ब्रेल. आता गंमत बघा. बऱ्याच जणांची दृष्टी जाते ती मोठेपणी. कुणाची युद्धात, कुणाची म्हातारपणी. त्या वयात बोटांना ब्रेल शिकवणं सोपं नसतं. मग कानानं वाचायचं कसं? ग्रामोफोन होता की! पण त्या काळची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि चार-पाच मिनिटांत संपायची. कादंबरी ऐकायची तर तबकड्यांचा ढीगच लागला असता.

अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेनं तबकडीचा वेग कमी केला, ३३ आणि एक-तृतीयांश फेरे, आणि खाचा जवळजवळ कोरल्या. एका बाजूला साधारण १५ मिनिटं मिळाली. १९३४ मध्ये पहिली 'बोलकी पुस्तकं' आली. त्यात अमेरिकेची राज्यघटना, शेक्सपिअरची नाटकं आणि वुडहाउसचा जीव्हजसुद्धा! आपल्या आजोबांच्या कपाटातली एलपी बाजारात रुजली ती १९४८ नंतर. म्हणजे डोळसांना जे गाण्यांसाठी मिळालं, ते अंध वाचकांकडे १४ वर्षं आधी पोचलं होतं.

या कल्पनेला आधी नकार कुणी दिला असेल? हेलन केलरनं! जागतिक मंदी चालू होती, लाखो लोक बेकार. अशा वेळी ग्रामोफोनसाठी वर्गणी मागायला तिचं मन तयार नव्हतं. तिला ती चैन वाटली. मला हा नकार आवडतो, खरं सांगतो. पुढे तिचं मत बदललं आणि १९३५ मध्ये तिनंच सरकारकडे शब्द टाकला. बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून हजारो यंत्रं जोडली गेली. म्हणजे ज्यांच्यासाठी ती अडली होती, त्याच माणसांच्या हातून.

प्रकाशक मात्र बिचकले. फुकट ऐकायला मिळालं तर पुस्तक विकत कोण घेणार? त्यांनी अट घातली: फक्त अंधांसाठी, विक्री नाही, रेडिओवर नाही. पुढे कॅसेट आल्या तेव्हा त्या मुद्दाम नेहमीच्या निम्म्या वेगानं भरल्या. तुमच्या-माझ्या टेपरेकॉर्डरवर लावल्या तर नुसती चिवचिव. कुलूप तंत्रातच होतं.

हे सगळं जायचं टपालानं, तिकिटाशिवाय. डब्यावरचं पत्त्याचं कार्ड उलटं केलं की ग्रंथालयाचा पत्ता वर. पत्ता लिहायला कुणाला हाक मारायला नको. अख्ख्या गोष्टीत मला सगळ्यात हुशार वाटलं ते हे कार्ड.

१९५२ मध्ये मुलांना हक्क मिळाला, १९६६ मध्ये शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक धरता न येणाऱ्यांना. २००९ पासून डाउनलोड, २०१३ मध्ये आयफोनवर ॲप. टपालवाला मागे पडला.

आपल्याकडे? २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं अपंगांसाठी वाचनीय प्रत करायला परवानगी दिली, अर्थात नफा न घेता. असाच हक्क देशादेशांत मान्य करणारा माराकेश करार सगळ्यात आधी मंजूर केला तो भारतानं, २०१४ मध्ये. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. माझा मित्र आता नोकरी करतो आणि बरीचशी पुस्तकं स्वतःच फोनवर उतरवतो. त्याला माझी गरज क्वचित लागते.

पण परवा फोन आला. त्याला एक जुनी मराठी कादंबरी हवी होती, ऐकण्याजोगी प्रत कुठेच सापडेना. २२ प्रकरणं आहेत. तीन झालीत. नाटक न करता वाचतोय.