वजनरहित अवस्था : मानवी देहावरील परिणाम

पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या यानात देहाचा भार जाणवेनासा होतो, त्या स्थितीस वजनरहित अवस्था म्हणतात. ती गुरुत्वाकर्षणाच्या अभावामुळे येते हा समज निराधार आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ भूपृष्ठावरील ओढीच्या जवळजवळ नऊ दशांश असते, परंतु यान व प्रवासी एकत्रच अखंड पडत असल्यामुळे पावलांना खालून रेटणारे काही उरत नाही. आकाशस्थ जड वस्तूस पृथ्वी स्वशक्तीने ओढते म्हणून ती पडतेसे भासते, हा विचार भास्कराचार्यांनी शके १०७२ मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात मांडला.

अस्थी : सर्वांत गंभीर परिणाम हाच मानावा लागतो. हाडात जुना भाग झिजविणाऱ्या व नवा रचणाऱ्या पेशींचा जमाखर्च अहोरात्र चालू असतो. भार हटताच खर्चाची बाजू वरचढ होते, आणि मांडी, कंबर व कटिप्रदेश येथील हाडांची घनता दरमहा १ ते १.५ टक्क्यांनी घटते. सुटलेले कॅल्शियम मूत्रावाटे जाते, त्यामुळे मुतखड्याचे भय वाढते. पोटऱ्यांचे व पाठीचे स्नायूही क्षीण होतात. १९७० साली सोयूझ-९ या सोव्हिएत यानातून अठरा दिवसांनी परतलेल्या अंतराळवीर निकोलायेव व सेवास्त्यानोव्ह यांना आधाराशिवाय चालणे कठीण झाले. उलट, नियमित व्यायाम करणारे रशियन वैद्य-अंतराळवीर पोल्याकोव्ह अंतराळातील सुमारे ४३७ दिवसांच्या वास्तव्यानंतर, मार्च १९९५ मध्ये, यानातून उतरून स्वतः चालत जवळच्या खुर्चीपर्यंत गेले. रोज सुमारे दोन तास व्यायामाची तजवीज आता सक्तीची आहे.

त्वचा : तळव्यांचे घट्टे निबर न राहता सोलून निघतात, पाय पट्ट्यांत अडकवून उभे राहावे लागत असल्यामुळे पावलांच्या वरच्या बाजूस मात्र नवे घट्टे पडतात.

रक्ताभिसरण : रक्त व द्रव मस्तकाकडे सरकतात, चेहरा सुजतो, पाय बारीक होतात, कालांतराने रक्तद्रवाचे प्रमाण घटते, आणि परतल्यावर उभे राहताच घेरी येते.

दृष्टी : दीर्घ मुक्कामात काहींच्या दृक्‌चेतेच्या मुखाशी सूज आढळते. कारणमीमांसा विवाद्य.

कर्णेंद्रिय : कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते, त्यामुळे आरंभीचे काही दिवस मळमळ.

भारतीय प्रयोग : एप्रिल १९८४ मध्ये साल्यूत-७ स्थानकात राकेश शर्मा यांनी वजनरहित अवस्थेला तोंड देण्यासाठी योगासनांचा उपयोग तपासला.