कळते, पण वळत नाही : मराठी शोकात्मिकेचा एक धागा

आमच्या गावच्या गणेशोत्सवात दर तीन-चार वर्षांनी 'एकच प्याला' व्हायचे आणि त्यात सुधाकर करायचे माझे थोरले काका. गावात त्यांच्याइतका चांगला सुधाकर दुसरा कोणी करू शकत नव्हता. याचे कारण सगळ्यांना ठाऊक होते, पण कोणी बोलत नसे. प्रयोगाच्या दिवशी मात्र ते थेंबालाही शिवत नसत. दारू माणसाला कशी धरते हे ते रंगमंचावरून इतके नेमके समजावून सांगत, की मंडपात टाचणी पडली तरी ऐकू यावी. सिंधूसाठी बायका पदर डोळ्यांना लावत. माझी काकू मात्र कधीच नाटकाला आली नाही. ती घरी जेवणं झाकून बसलेली असायची.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. एवढे सगळे कळणारा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच कसा जातो, हा माझा प्रश्न होता. पुढे मराठी साहित्याचा अभ्यास करताना शोकांतिकेचे घटक परीक्षेसाठी पाठ केले, तेव्हा तो प्रश्न परत वर आला. या लेखात मी त्याच प्रश्नाचा माग मराठी रंगभूमीच्या इतिहासात काढणार आहे.

दोन शब्द, दोन गोष्टी

इंग्रजी 'ट्रॅजेडी'साठी मराठीत दोन शब्द रुळले आहेत : शोकांतिका आणि शोकात्मिका. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. पण पहिला शब्द शेवटाकडे बोट दाखवतो आणि दुसरा गाभ्याकडे. जिचा अंत शोकात होतो ती शोकांतिका. जिचा आत्माच शोकाचा आहे ती शोकात्मिका. नायक मेला म्हणजे पहिली अट पुरी होते. दुसरी पुरी होण्यासाठी त्याहून बरेच काही लागते. मराठी नाटकाला पहिली गोष्ट चटकन साधली. दुसरी साधायला त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, असे मला वाटते.

ते 'बरेच काही' म्हणजे काय, याचे सर्वांत जुने उत्तर ॲरिस्टॉटलच्या 'पोएटिक्स'मध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात मिळते. त्याने शोकात्मिकेचे सहा घटक मानले : कथानक, स्वभावचित्रण, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. त्यात पहिला मान त्याने कथानकाला दिला. नायक फार सज्जन नसावा, कारण निर्दोष माणसाची धूळधाण पाहून आपल्याला केवळ धक्का बसतो. तो दुष्टही नसावा, कारण दुष्टाचा नाश पाहून ना दया वाटते ना भीती. तो आपल्यासारखा, थोडा बरा असावा आणि त्याच्या हातून एक चूक व्हावी. या चुकीसाठी त्याने वापरलेला 'हॅमर्शिया' हा शब्द नेम चुकणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे. म्हणजे हे पाप नव्हे. बाण सोडला लक्ष्यावरच, पण तो लागला भलतीकडे.

त्यानंतर दोन गोष्टी घडतात. एक, परिस्थिती उलटते. दुसरी, जे ठाऊक नव्हते ते कळते. सोफोक्लीसच्या 'ईडिपस'मध्ये कॉरिंथचा दूत राजाची भीती घालवायला येतो आणि त्याच्याच बोलण्यातून राजाला आपण कोण आहोत हे कळते. उलटणे आणि कळणे एकाच क्षणी घडते, म्हणून ॲरिस्टॉटलला ते उत्तम वाटले. प्रेक्षकाच्या मनातील करुणा आणि भीती यांचे जे विरेचन होते, त्याचा उल्लेख त्याने शोकात्मिकेच्या व्याख्येत केला, पण तिथे त्याचा खुलासा केला नाही. त्यावर पुढच्यांनी ग्रंथ लिहिले. मला या सगळ्यात कळीचा वाटतो तो 'कळण्याचा' क्षण. दुःख तर जनावरालाही होते. आपल्या दुःखात आपला हात होता हे उमगणे फक्त माणसाच्या वाट्याला येते.

आपल्याकडे शोकात्मिका नव्हती?

संस्कृत नाटकात शोकात्मिका नाही, हे विधान आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते तपासायचेही सुचत नाही. त्यात तथ्य आहेच. नायकाचा मृत्यू रंगमंचावर दाखवू नये असा शास्त्राचा दंडक होता. नाटकाचा शेवट फळ मिळण्यात व्हावा अशी अपेक्षा होती. करुणरसाची थोरवी गाणारा भवभूतीही 'उत्तररामचरिता'त सीतेला धरणीच्या पोटात जाऊ देत नाही. वाल्मीकींच्या कथेचा शेवट बदलून तो राम-सीतेची भेट घडवतो. कर्मसिद्धांताचे कारणही नेहमी पुढे केले जाते. या जन्मीचे दुःख मागल्या जन्मीच्या खात्यातले असेल, तर या जन्मीच्या नाटकात चूक दाखवायची कुठे?

पण याला एक ठळक अपवाद आहे. भासाच्या 'ऊरुभंगा'त मांड्या मोडलेला दुर्योधन रणभूमीवर पडला आहे. आंधळा बाप, डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई आणि राण्या त्याला शोधत येतात. लहानगा दुर्जय सवयीने मांडीवर बसायला जातो आणि बापाला त्याला नको म्हणावे लागते. इथवरचे सारे करुण आहे. खरी गोष्ट त्यापुढची आहे. अश्वत्थामा सूडाची भाषा करत येतो, तेव्हा दुर्योधन त्याला थांबवतो. द्रौपदीची विटंबना, अभिमन्यूचा वध, द्यूतात हरवून पांडवांना धाडलेला वनवास, हे सारे तो स्वतःच्या तोंडाने मोजून दाखवतो आणि आपण जे केले त्यापुढे त्यांनी केले ते थोडेच, असे कबूल करतो. मुलाला तो पांडवांची सेवा करायला सांगतो. मग त्याचे प्राण जातात, तेही रंगमंचावर. नायकाला कळते, आणि कळते ते फार उशिरा. मागल्या जन्माचे खाते उघडावे लागत नाही, कारण चूक आणि तिचे फळ एकाच आयुष्यात समोरासमोर उभे असतात.

हे नाटक मराठी नाटककारांच्या हाती असते तर? पण ते नव्हते. भासाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाटकांच्या ताडपत्री पोथ्या गणपतिशास्त्री यांना केरळात मिळाल्या त्या १९०९ च्या सुमारास, आणि त्रिवेंद्रमहून त्या छापल्या जाऊ लागल्या १९१२ पासून. मराठी नाटक त्याआधीच दुसऱ्या दाराने शोकापर्यंत पोहोचले होते.

कीर्तने ते खाडिलकर

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केले. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८६१ मध्ये, विनायक जनार्दन कीर्तने या विशी-एकविशीतल्या तरुणाने 'थोरले माधवराव पेशवे' लिहिले. देव-राक्षसांच्या आख्यानांची सवय असलेल्या प्रेक्षकांपुढे त्याने नव्वद वर्षांपूर्वी गेलेला माणूस उभा केला. १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने झालेला माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचे सती जाणे इथवर नाटक जाते. भरतवाक्यातल्या मंगल शेवटाऐवजी चितेपाशी संपणारे नाटक लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. मराठीतली पहिली शोकांतिका हा मान त्याला दिला जातो आणि तो योग्यच आहे.

पण मघाच्या भेदाने पाहिले तर ती शोकांतिकाच आहे, शोकात्मिका नव्हे. माधवराव कर्तबगार आहेत, त्यांचे वय जेमतेम सत्तावीस आहे, आणि त्यांना नेतो तो एक रोग. आपण हळहळतो. 'हा माणूस जगता तर' असे म्हणतो. पण त्यांनी काय चुकवले, हा प्रश्न मनात येत नाही. क्षयाला हॅमर्शिया म्हणता येत नाही.

चूक आली ती शेक्सपिअरमधून. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो'चे भाषांतर १८६७ मध्ये निघाले. पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी त्याच नाटकाचा 'झुंझारराव' केला. शूर, सरळ मनाचा, प्रेम करणारा नवरा स्वतःच्याच हाताने निरपराध बायकोला मारतो आणि मग त्याला सत्य कळते. असला शोक मराठी प्रेक्षकाला नवा होता. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणले ते १८८३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी कोल्हापूर प्रकरणात त्यांनी आणि टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. आगरकरांनी नाटकाला नाव दिले 'विकारविलसित'. मला हे नाव फार बोलके वाटते. अनर्थाचे मूळ दैवात किंवा शापात नाही, माणसाच्या मनातल्या विकारांत आहे, हे बुद्धिवादी आगरकरांनी मुखपृष्ठावरच सांगून टाकले. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोश्यांनी ही भूमिका अशी गाजवली की हॅम्लेट आणि गणपतराव ही नावे मराठीत एका श्वासात घेतली जाऊ लागली.

या शिकवणीचे पहिले मोठे स्वतंत्र फळ म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'सवाई माधवरावांचा मृत्यु'. पुन्हा पेशवा, पुन्हा तरुण मृत्यू. पण थोरल्या माधवरावांचे शरीर पोखरले जाते, सवाई माधवरावांचे मन. केशवशास्त्री त्या मनात विष कालवतो. त्याच्यामागे इयागो आणि दोलायमान पेशव्यामागे हॅम्लेट उभा आहे, हे वाचकाला ओळखू येते. कीर्तन्यांपासून खाडिलकरांपर्यंतचा प्रवास हा असा शरीराकडून मनाकडे झाला. तरीही ही शनिवारवाड्याची गोष्ट होती. ती पाहून घरी परतणारा प्रेक्षक स्वतःच्या उंबरठ्याशी अडखळत नव्हता.

गडकऱ्यांचा उलटा क्रम

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. वय तेहतीस. त्यानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू होते आणि गणपतराव बोडस सुधाकर. भरजरी शालूंसाठी ओळखले जाणारे बालगंधर्व फाटक्या लुगड्यात दळायला बसले, याची आठवण नाट्यरसिकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.

गरिबीतून बुद्धीच्या जोरावर वर आलेला, मानी सुधाकर वकील आहे. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते आणि तो अपमान विसरण्यासाठी तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतला जातो. नेम चुकतो तो इथे. पुढची घसरण सर्वांना ठाऊक आहे. मध्ये एकदा तो खरोखर दारू सोडतो, कामासाठी दारोदार फिरतो, त्याच्या लौकिकामुळे त्याला कोणी उभे करत नाही, आणि तो परत प्याल्याकडे वळतो. शेवटी नशेत केलेल्या प्रहाराने मूल जाते, सिंधू जाते. जाताना ती फौजदाराला खोटे सांगून नवऱ्याला वाचवते, आणि सुधाकर विष मिसळलेला प्याला पितो.

सिंधू हे करुणरसाचे पात्र आहे. ती बदलत नाही, चुकत नाही. तिच्यासाठी रडताना आपल्याला स्वतःबद्दल काही कबूल करावे लागत नाही. या नाटकाची शोकात्मिका होते ती सुधाकरामुळे. इथे गडकऱ्यांनी केलेली एक गोष्ट मला ग्रीकांपेक्षा वेगळी वाटते. ईडिपसला कळते तेव्हा सगळे घडून गेलेले असते. ऑथेल्लोचेही तेच, दुर्योधनाचेही तेच. अज्ञान आधी, अनर्थ मग, ज्ञान शेवटी. सुधाकराला मात्र अनर्थाच्या आधीच कळलेले आहे. दारूचे टप्पे कसे असतात, पहिल्या प्याल्यालाच का थांबायचे, पुढे का थांबता येत नाही, हे तो रामलालला एखाद्या वैद्याने रोगाचे निदान सांगावे तसे सांगतो. त्याच्यापाशी वेळ आहे, ज्ञान आहे, प्रेम करणारी माणसे आहेत. नाही तो फक्त ताबा.

ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये या प्रकाराला नाव दिलेले नाही. मराठी माणसाने मात्र दिले आहे, आणि तेही रोजच्या बोलण्यात : कळते, पण वळत नाही. आपण हे हसत, दुसऱ्याच्या खोडीबद्दल म्हणतो. गडकऱ्यांनी त्याच म्हणीचा तळ दाखवला.

या वाटेवरून मराठी नाटक पुढेही चालले. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकर पहिल्याच अंकात सारे मुलांना वाटून टाकतात. मागे 'किंग लिअर'ची सावली आहे. डॉ. श्रीराम लागूंनी ते उभे केले तेव्हा प्रेक्षागृहातल्या अनेक म्हाताऱ्यांना आणि त्यांच्या मुलांनाही आपापले घर आठवले असणार. शोकात्मिका राजवाड्यातून ओसरीवर येऊन बसली होती.

राहता राहिले काका. ते पासष्टाव्या वर्षी गेले. शेवटच्या काही वर्षांत त्यांनी काम करणे सोडले होते. सुधाकर दुसरे कोणी करू लागले होते आणि काका मंडपात मागे उभे राहून पाहत. एकदा त्यांना मी विचारले, ''काका, तुम्हाला तर सगळं कळत होतं.'' त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितले, ''कळत होतं म्हणून तर पाठांतर चुकलं नाही कधी.''

त्यांच्या दिवसांनंतर आवराआवर करताना काकूने त्यांची नाटकाची वही काढून माझ्या हाती दिली. रद्दीत घालू नकोस, एवढेच म्हणाली. वहीत सुधाकराच्या भाषणांखाली शाईच्या रेघा होत्या. सिंधूची भाषणेही त्यांनी त्याच अक्षरात, एक शब्द न गाळता, उतरवून घेतली होती.