म्हाताऱ्या पेशींचा इतिहास

औषधांच्या दुकानांत हल्ली क्वेर्सेटिन, फिसेटिन अशा नावांच्या कॅप्सूल दिसतात. ‘वनस्पतिजन्य’, ‘शरीरातील म्हाताऱ्या पेशी दूर करणाऱ्या’ असे त्यांचे वर्णन केलेले असते. निवृत्तीला आलेल्या शिक्षकांच्या घरातही ‘या घ्याव्यात का?’ हा प्रश्न निघतो. उत्तर शोधण्याआधी, पेशी म्हाताऱ्या होतात हे मुळात कसे कळले ते पाहू. त्याची सुरुवात एका मोठ्या गैरसमजापासून होते.

१७ जानेवारी १९१२ रोजी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक तुकडा काचेच्या भांड्यात वाढत ठेवला. त्याच वर्षी रक्तवाहिन्या जोडण्याच्या कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. पेशींचे हे संवर्धन पुढे त्यांचे सहकारी अल्बर्ट एबेलिंग यांनी सांभाळले. १९४४ साली कॅरेल वारले, तरी १९४६ पर्यंत ते चालू होते. कोंबडी काही चौतीस वर्षे जगत नाही! म्हणून निष्कर्ष निघाला की पेशी मुळात अमर असतात आणि म्हातारपण येते ते संपूर्ण शरीराला. इतरांच्या प्रयोगशाळांत पेशी काही काळाने वाढायच्या थांबत. पण दोष कॅरेल यांच्या निष्कर्षात असेल असे कोणाला वाटले नाही. आपलेच काहीतरी चुकले असेल, असे जो तो समजला.

हा समज मोडला फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत. लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांना असे आढळले की मानवी गर्भातील पेशींची संख्या सुमारे पन्नास वेळा दुप्पट होते आणि मग विभाजन थांबते. पण खाद्यद्रवात काही बिघाड झाला असेल किंवा एखादा विषाणू शिरला असेल, तर? ही शंका दूर करण्यासाठी त्यांनी केलेला प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. पुष्कळदा विभागलेल्या पुरुष-पेशी आणि थोड्याच वेळा विभागलेल्या स्त्री-पेशी त्यांनी एकाच भांड्यात मिसळल्या. गुणसूत्रांवरून दोन्ही ओळखता येतात. काही काळाने पाहिले तर भांड्यात फक्त स्त्री-पेशी विभागत होत्या. द्रव एकच आणि भांडेही एकच असल्याने विभाजन थांबण्याचे कारण पेशींच्या आतच असले पाहिजे. त्यांचा निबंध एका नियतकालिकाने नाकारला. १९६१ साली तो दुसरीकडे छापला गेला.

मग कॅरेल यांच्या पेशी इतकी वर्षे कशा टिकल्या? त्यांना कोंबडीच्या गर्भाचा अर्क खाद्य म्हणून घालत असत. त्यातून दर वेळी थोड्या ताज्या पेशी भांड्यात जात असाव्यात, असे हेफ्लिक यांनी सुचवलेले स्पष्टीकरण आहे.

विभाजन थांबलेल्या या पेशी लगेच मरत नाहीत. २००८ साली ज्युडिथ कँपिसी यांच्या गटाने दाखवले की त्या दाह वाढवणारे अनेक पदार्थ बाहेर सोडतात. म्हणजे त्या शेजाऱ्यांनाही त्रास देतात. त्या काढून टाकल्या तर काय होईल? २०११ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांत जनुकीय बदल करून अशा पेशी नष्ट करण्यात आल्या, तेव्हा त्यांचे स्नायू झिजणे आणि मोतीबिंदू होणे लांबले. २०१५ साली हेच काम औषधाने साधण्यासाठी एक जोडी पुढे आली : रक्ताच्या कर्करोगावरचे डासाटिनिब आणि कांदा, सफरचंद, चहा यांत असणारे क्वेर्सेटिन. अशा द्रव्यांना ‘सेनोलिटिक’ म्हणजे जीर्णपेशीनाशक हे नाव तेव्हा मिळाले. २०१६ साली पिंपळीतील पायपरलाँग्युमिन हे द्रव्यही भांड्यातील मानवी पेशींवर असाच परिणाम करते असे दिसले. पिंपळी आयुर्वेदात रसायन म्हणून सांगितलेली आहे, त्यामुळे आपल्याकडे ही बातमी सहज पटते. पण भांड्यातील पेशी म्हणजे माणूस नव्हे.

उंदीरही माणूस नव्हे, आणि उंदरांतही एकवाक्यता नाही. स्ट्रॉबेरीत असणाऱ्या फिसेटिनने म्हाताऱ्या उंदरांचे आयुष्य वाढले, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने मोठी चाचणी घेतली. २०२३ साली तिचा निकाल आला : दिलेल्या मात्रेत फिसेटिनने आयुष्य वाढले नाही.

माणसांवरची पहिली लहान चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात फुप्फुसांच्या गंभीर विकाराचे १४ रुग्ण होते. त्यांना आठवड्यातून तीन दिवस, असे तीन आठवडे डासाटिनिब आणि रोज १२५० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन दिले. त्यांचे चालणे सुधारले, पण तुलनेसाठी औषध न घेणारा गट नव्हता. शिवाय दुकानातील कॅप्सूलमध्ये डासाटिनिब नसते. ते कर्करोगाचे औषध असून त्याचे दुष्परिणाम आहेत, तेव्हा ते स्वतःहून घेण्याचा प्रश्नच येत नाही.

मग कांदाच खावा का? येथे गणिताचा तास उपयोगी पडतो. १०० ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन धरले, तर १२५० मिलिग्रॅमसाठी रोज तीन ते सहा किलो कांदा लागेल. तेव्हा ‘ते तर भाजीतच असते’ म्हणून कॅप्सूल निर्धोक ठरत नाही. मात्रा बदलली की पदार्थाचे औषध होते, आणि ते इतर औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. आणखी एक गोष्ट : २०१४ साली उंदरांवरच्या संशोधनात असे दिसले की जखम भरून येण्यास याच जीर्ण पेशी मदत करतात. सरसकट सगळ्या काढणे हिताचेच होईल असे नाही.

निरोगी माणसाने अशा कॅप्सूल घेतल्यास म्हातारपण लांबते, याला आज तरी पुरावा नाही. संशोधन चालू आहे आणि उद्या एखादे खरे औषध त्यातून निघेलही. तोवर अशी जाहिरात विद्यार्थ्यांनी वर्गात आणली, तर आपण त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवू : प्रयोग भांड्यात झाला, उंदरावर की माणसावर? मात्रा किती होती? आणि तुलना कशाशी केली? हेफ्लिक यांच्या भांड्यात स्त्री-पेशी होत्या त्या या तिसऱ्या प्रश्नासाठीच.