कूरसची छोटी घरे आणि त्यांचे भाडेकरू

फोर्थच्या खाडीच्या उत्तर काठावर, स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात वसलेले कूरस हे गाव सोळाव्या-सतराव्या शतकांतील घरांसाठी आज प्रसिद्ध असले, तरी ही घरे मुळात कोळसा, मीठ आणि लोखंड यांवर जगणाऱ्या एका गजबजलेल्या बंदराची आहेत, आणि आज तेथे भाड्याने राहणाऱ्याला जी ग्रामीण शांतता लाभते, ती त्या उद्योगांच्या ऱ्हासातून आलेली आहे.

येथील सिस्टर्शियन पंथाचा मठ 1217 साली स्थापन झाला, आणि आसपासचा कोळसा खणण्याचा उद्योगही मठाच्या काळापासूनचा होता. जॉर्ज ब्रूस या व्यापाऱ्याने 1575 मध्ये मठाची कोळसाखाण भाडेपट्ट्याने घेतली, तिचे बोगदे थेट खाडीच्या तळाखाली नेले आणि भरतीच्या पाण्यात उभ्या केलेल्या कृत्रिम बेटावरील विहिरीतून कोळसा सरळ गलबतात चढवण्याची सोय केली. हलक्या प्रतीचा कोळसा समुद्राचे पाणी आटवून मीठ काढण्यासाठी जाळला जाई. सहाव्या जेम्स राजाने 1592 मध्ये गावाला ‘रॉयल बर्ग’ हा, म्हणजे परदेशी व्यापाराचा हक्क असलेल्या नगराचा, दर्जा दिला. ब्रूसने 1597 ते 1611 या काळात बांधलेल्या वाड्यात बाल्टिक प्रदेशातील पाइनचे लाकूड आणि डच फरशा वापरल्या गेल्या, यावरून त्या व्यापाराची पोच लक्षात येते. कामगारांची आणि कारागिरांची घरे अर्थातच साधी होती: दगडी भिंतींवर चुना व बारीक खडी यांचा फेकून लावलेला गिलावा, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी त्रिकोणी टोकाची भिंत, लाल कौले, आणि कित्येक ठिकाणी वरच्या मजल्यावर नेणारा बाहेरचा दगडी जिना.

या घरांत राहणाऱ्यांचा हक्क मात्र घरांइतका भक्कम नव्हता. स्कॉटिश संसदेच्या 1606 च्या कायद्याने खाणकामगार आणि मीठ काढणारे मजूर आपापल्या मालकांशी बांधले गेले. जुन्या मालकाच्या दाखल्याशिवाय त्यांना कोणी कामावर ठेवायचे नाही, आणि ठेवलेच तर एक वर्ष व एक दिवस एवढ्या मुदतीत मूळ मालकाला त्यांना परत मागता येई. ज्याला कामच सोडता येत नाही, त्याला राहते घर बदलण्याचे स्वातंत्र्य कुठून असणार? ही वेठ 1775 आणि 1799 च्या कायद्यांनी संपली. एरवी स्कॉटलंडमध्ये भाड्याचे आणि नोकरीचे करार व्हिटसंडे (15 मे) आणि मार्टिनमस (11 नोव्हेंबर) या दोन ठरलेल्या तिथींना सुरू होत व संपत, त्यामुळे त्या सुमारास घरसामान गाड्यांवर लादून बिऱ्हाडे हलवणे हा शेतमजुरांच्या जीवनक्रमाचाच भाग झाला होता.

1625 च्या वादळात ब्रूसची खाण बुडाली. पुढे मिठाचा धंदाही खालावला, आणि ओटच्या भाकऱ्या भाजण्याचे तव्यासारखे लोखंडी ‘गर्डल’ घडवण्याची कूरसची मक्तेदारी, 1759 मध्ये स्थापन झालेल्या कॅरन कारखान्यासारख्या ठिकाणच्या स्वस्त ओतीव मालापुढे टिकली नाही. नवे बांधायला गावात पैसा उरला नाही, म्हणून जुने पाडलेही गेले नाही. कूरसच्या जतनाचे पहिले श्रेय कोणा रसिकाला नव्हे, तर या दारिद्र्याला द्यावे लागते.

विसाव्या शतकात मात्र तेच दारिद्र्य घरांच्या मुळावर आले, कारण ओल धरलेली, मोडकळीस आलेली घरे राहण्यास अयोग्य ठरवून पाडण्याचे धोरण देशभर राबवले जात होते. 1931 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने 1932 मध्ये ब्रूसचा वाडा 700 पौंडांना विकत घेतला, पण त्याहून दूरदर्शी काम तिने आजूबाजूची लहान घरे घेण्यास सुरुवात करून केले. संस्थेला 1938 च्या कायद्याने असे करार करण्याचा अधिकार मिळाला, की ज्यांतील जतनाच्या अटी घराच्या पुढच्या मालकांवरही बंधनकारक राहाव्यात. 1960 पासून ‘लिटल हाउसेस’ योजनेत हीच युक्ती फिरत्या निधीला जोडण्यात आली: पडके घर घ्यायचे, दुरुस्त करायचे, अटींसह विकायचे आणि आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यायचे. क्रेल, पिटनवीम अशा फाइफच्या इतर बंदरगावांतही तिचा उपयोग झाला, तर कूरसमधील काही घरे ट्रस्टने स्वतःकडे ठेवून भाड्याने दिली. माणसे राहतील तरच घर टिकेल, ही या योजनेमागची समज गावाचे संग्रहालय करण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची होती.

भाडेकरूची बाजू सावरायला त्यामानाने फार उशीर लागला. 2016 च्या कायद्यानुसार 1 डिसेंबर 2017 पासून स्कॉटलंडमधील नव्या खाजगी भाडेकराराला समाप्तीची तारीखच नसते. कायद्यात नमूद केलेल्या कारणाशिवाय घरमालकाला घर रिकामे करून मागता येत नाही, आणि भाडे वाढवायचे तर वर्षातून एकदाच व तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन. घराच्या जतनाची बंधने मात्र सैल झालेली नाहीत: संरक्षित वास्तूची जुनी लाकडी खिडकी परवानगीवाचून बदलणे हा आजही गुन्हा आहे, मग आत राहणारा मालक असो वा भाडेकरू.