घोडनदीचे खोरे आणि इनामगावचा पाट

कारेगावाहून पूर्वेस जाणारा नगर रस्ता शिरूरपाशी ज्या नदीस भेटतो, तिच्याच नावाने शिरूरास लोक ‘घोडनदी’ म्हणतात. घोड उगम पावते सह्याद्रीच्या मुबलक पावसात. तिचे खालचे खोरे मात्र पर्जन्यछायेत आहे. या विसंगतीचा सर्वांत जुना इतिहास शिरूर तालुक्यातीलच इनामगावच्या पांढरीत सापडतो. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन करून सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० ची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. पूर्व जोर्वे काळी तेथे प्रशस्त चौकोनी घरे, धान्याचे कोठार व पुराचे पाणी वळविणारा पाट होता. उत्तर जोर्वे काळी, इ. स. पू. १००० नंतर, लहान गोल झोपड्या आल्या. उत्खननकर्त्यांपैकी म. के. ढवळीकर यांनी या अवनतीचे कारण वाढत्या अवर्षणात शोधिले. हे मत ग्राह्य असले तरी आमच्या मते अपुरे आहे. नदीचे पात्र काठाहून खोल. तेव्हा पाट भरावयास पूर तर हवाच, पण साचलेला गाळ उपसणारे संघटित हातही हवेत. ती संघटना आधी ढासळली की पाऊस आधी हटला, याचा निर्णय केवळ हवामानावरून होणार नाही. शिवाय गोल झोपड्यांची ती वस्ती पुढे तीन शतके टिकली, हेही विचारात घ्यावे लागते.