पाच मिनिटांत गणितं सोडवणाऱ्या मुलीचं शाळेने काय करायचं?

दुसरीचा वर्ग. फळ्यावर हातच्याच्या बेरजेची दहा उदाहरणं. एक मुलगी पाच मिनिटांत सगळी सोडवते, पाटी पालथी घालते आणि शेजारणीशी गप्पा मारायला लागते. बाई म्हणतात, "झालं ना तुझं? मग हाताची घडी, तोंडावर बोट."

पुढची वीस मिनिटं ती मुलगी काय शिकते? गप्प बसायला.

असं रोज, वर्षानुवर्षं होत राहिलं तर काय होतं? काही मुलं दंगा करू लागतात. काहींना विनाकष्ट पहिला नंबर मिळवायची सवय लागते आणि पुढे पहिल्यांदा खरंच अवघड गणित समोर आलं की ती घाबरतात. काही जण वेगळं दिसू नये म्हणून मुद्दामच कमी बोलतात. "हुशार मुलांचं काय, ती कशीही शिकतात" हा समज म्हणूनच अर्धवट आहे.

मग प्राथमिक शाळा अशा मुलांसाठी नेमकं काय करू शकतात? जगात काय करून पाहिलं गेलं? आणि महाराष्ट्रात काय सोय आहे? समजून घेऊया.

आधी हे ठरवू, 'हुशार' म्हणजे कोण?

बुद्धिमत्ता मोजायची पहिली उपयोगी चाचणी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी तयार केली. गंमत म्हणजे ती हुशार मुलं शोधायला नव्हती. शाळेत जास्तीची मदत कोणाला लागेल, हे ओळखण्यासाठी ती होती.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये या चाचणीची सुधारित आवृत्ती काढली. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातली खूप जास्त 'आयक्यू' असलेली सुमारे दीड हजार मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा प्रकल्प सुरू केला. यातली बरीच मुलं पुढे यशस्वी झाली. पण नोबेल त्यांच्यापैकी कुणालाच मिळालं नाही. उलट, चाचणीत गुण कमी पडले म्हणून ज्यांना निवडलं नव्हतं, त्यांच्यातल्या दोघांना ते मिळालं. विल्यम शॉक्ली यांना १९५६ मध्ये आणि लुईस अल्वारेझ यांना १९६८ मध्ये, दोघांनाही भौतिकशास्त्रात.

म्हणजे चाचणी निरुपयोगी आहे का? नाही. पण एका दिवशीचा एक आकडा सगळं सांगत नाही.

१९७८ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या की प्रतिभा दिसते: सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हातात घेतलेल्या कामाची चिकाटी. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी जन्मजात शिक्का मारल्यासारख्या नसतात. संधी मिळाली तर त्या वाढतात, नाही मिळाली तर दिसतही नाहीत.

शाळा काय काय करू शकते?

ढोबळमानाने चार मार्ग आहेत.

१. येतं ते वगळणं. धडा सुरू करण्याआधी छोटी तोंडी किंवा लेखी चाचणी घ्यायची. ज्याला ते आधीच येतं, त्याला तीच वीस उदाहरणं पुन्हा सोडवायला लावायची नाहीत. वाचलेला वेळ दुसऱ्या कामाला द्यायचा. हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे.

२. खोलात जाणं. विषय तोच, प्रश्न वेगळा. वर्ग २७ आणि १५ यांची बेरीज करत असेल, तर त्या मुलीला विचारायचं, "उत्तर ४२ येईल अशा किती जोड्या सापडतात? सगळ्या सापडल्या हे तुला कसं कळलं?" इथे नुसतं उत्तर पुरत नाही, कारण सांगावं लागतं.

३. पुढचं शिकू देणं. एखाद्या विषयापुरतं पुढच्या इयत्तेच्या वर्गात बसवायचं किंवा थेट एक इयत्ता पुढे न्यायचं. अमेरिकेत २००४ मध्ये 'अ नेशन डिसिव्ह्ड' नावाचा अहवाल गाजला. तयारी असलेल्या मुलाला पुढे नेल्याने सहसा नुकसान होत नाही, असं संशोधन सांगत असूनही शाळा हा मार्ग टाळतात, असं त्यात म्हटलं होतं. आपल्याकडे वय आणि इयत्ता यांची सांगड घट्ट आहे, त्यामुळे इयत्ता ओलांडणं क्वचितच होतं. विषयापुरतं पुढे जाणं मात्र सोपं आहे.

४. वेगळा वर्ग किंवा वेगळी शाळा. निवड करून अशा मुलांना एकत्र शिकवायचं. सगळ्यांत जास्त वाद होतो तो यावरच. त्याचं ठळक उदाहरण म्हणजे सिंगापूर.

सिंगापूरने आपली योजना का बदलली?

सिंगापूरने १९८४ मध्ये 'गिफ्टेड एज्युकेशन प्रोग्रॅम' सुरू केला. तिसरीतल्या मुलांची दोन टप्प्यांत परीक्षा, त्यातून साधारण एक टक्का मुलांची निवड आणि चौथी ते सहावी मोजक्या प्राथमिक शाळांमध्ये वेगळे वर्ग, अशी ती रचना होती. त्यासाठी नऊ शाळा ठरवलेल्या होत्या.

अभ्यास दर्जेदार होता. पण नऊ वर्षांच्या मुलांची परीक्षा म्हणजे पालकांची शर्यत झाली. तिच्या तयारीसाठी शिकवण्या निघाल्या. निवड झालेल्या मुलांना आपली शाळा सोडून जावं लागायचं.

शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी ही योजना त्या स्वरूपात बंद करण्याची घोषणा केली. नव्या रचनेत मूल आपल्याच शाळेत राहणार, प्रत्येक प्राथमिक शाळा स्वतःचा कार्यक्रम चालवणार आणि ज्यांना आणखी हवं त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर ठरावीक केंद्रांवर जादा अभ्यास असणार. हुशार मुलांना मदत देणं सिंगापूरने थांबवलेलं नाही. ती मदत मोजक्या शाळांमधून काढून सगळीकडे न्यायचं ठरवलं आहे.

पण शोधायचं कोणी?

मदत कुठेही द्या, आधी ती कोणाला लागते हे कळायला हवं. बहुतेक ठिकाणी हे काम शिक्षकांच्या नजरेवर किंवा पालकांच्या आग्रहावर सोडलेलं असतं. त्यात काय सुटतं, हे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड काउंटीमध्ये दिसलं.

तिथे आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवत आणि मग त्या मुलाची बुद्धिमत्ता चाचणी होई. निवड होणाऱ्यांमध्ये गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं फार कमी असत. विशेष म्हणजे गरीब घरातल्या मुलांसाठी पात्रतेचा आकडा १३० ऐवजी ११६ इतका खाली ठेवला होता, तरीही.

२००५ मध्ये तिथल्या शाळांनी एकच बदल केला. दुसरीतल्या सगळ्याच मुलांना एक छोटी चाचणी दिली. त्यात शब्द नव्हते, फक्त आकृत्या होत्या. त्यामुळे घरी इंग्रजी न बोलणारं मूल मागे पडण्याचा धोका कमी झाला. ज्यांनी यात चांगलं केलं त्यांची पुढची तपासणी झाली.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. कार्ड यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना आढळलं की निवड होणाऱ्या गरीब मुलांचं प्रमाण अडीच पटींहून जास्त झालं. पात्रतेचा आकडा कुणी बदलला नव्हता. ही मुलं त्या वर्गांमध्ये आधीही होतीच, फक्त त्यांचं नाव कुणी सुचवत नव्हतं.

पुढे मंदीच्या काळात पैशाची चणचण भासली, सगळ्यांची चाचणी बंद पडली आणि जुनी दरी परत आली.

याच दोघांच्या आणखी एका अभ्यासातून वेगळ्या वर्गाची दुसरी बाजूही समोर आली. ब्रॉवर्डच्या शाळांमध्ये अशा वर्गात रिकाम्या राहिलेल्या जागा आधीच्या वर्षी चांगले गुण मिळवलेल्या मुलांना दिल्या जात. त्यातल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची प्रगती लक्षणीय झाली आणि नेहमीच्या वर्गात राहिलेल्यांचं नुकसान झालं नाही. म्हणजे वेगळा वर्ग मुळातच वाईट नाही. त्याचं दार किती जणांसाठी उघडं आहे, यावर बरंच ठरतं.

महाराष्ट्रात काय सोय आहे?

आपल्याकडे 'हुशार मूल' म्हटलं की पहिलं नाव येतं ते शिष्यवृत्ती परीक्षेचं. पुण्यातली महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पूर्वी चौथी-सातवीला होणारी ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला. भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असे तिचे विषय. अनेक जिल्हा परिषद शाळांमध्ये शिक्षक यासाठी जादा तास घेतात. गावातल्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरचे प्रश्न भेटतात ते बहुधा इथेच.

दुसरी संधी जवाहर नवोदय विद्यालयाची. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून ही योजना देशभर गेली. त्याआधी १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेल्या पहिल्या दोन शाळांपैकी एक अमरावतीत होती, दुसरी हरियाणातल्या झज्जरला. पाचवीतल्या मुलांची परीक्षा होते आणि सहावीपासून निवासी शिक्षण मिळतं. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा मात्र एकदाच देता येते.

तिसरं नाव ज्ञान प्रबोधिनीचं. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ही संस्था सुरू केली. बुद्धिमान मुलांसाठी चालवलेली तिची प्रशाला पाचवीपासून सुरू होते.

या तिन्हींमध्ये एक साम्य आहे. तिन्ही संधी मूल नऊ-दहा वर्षांचं झाल्यावर येतात आणि तिन्हींचं दार परीक्षेतूनच उघडतं. पहिली ते तिसरी, म्हणजे कंटाळा यायला सुरुवात होते त्या वर्षांत, मूल पूर्णपणे आपल्या वर्गशिक्षकांवर अवलंबून असतं.

कायदा आणि धोरण काय म्हणतं?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ शिक्षकांची कर्तव्यं सांगतं. त्यातलं एक म्हणजे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहायची आणि गरजेनुसार त्याला जादा मार्गदर्शन द्यायचं. आपण हे फक्त मागे पडलेल्या मुलांसाठी आहे असं धरतो. कायद्यात शब्द आहेत 'प्रत्येक मूल'.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर विशेष प्रतिभा असलेल्या मुलांसाठी स्वतंत्र भाग आहे. वर्गात पूरक साहित्य आणि प्रोत्साहन द्यावं, शाळा आणि जिल्हा पातळीवर विज्ञान, गणित, संगीत, बुद्धिबळ, कविता, भाषा अशा विषयांची मंडळं काढावीत, बी.एड.मध्ये अशा मुलांच्या शिक्षणाचं विशेष प्रशिक्षण घेता यावं, असं त्यात सुचवलं आहे.

धोरण कागदावर चांगलं आहे. पण शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतील तर हे जमणार कसं?

इथे एक गंमत आहे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या द्विशिक्षकी शाळांमध्ये एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात. ही मोठी अडचण आहे, यात वाद नाही. पण दुसरीतल्या मुलीला तिथे तिसरीचा धडा रोज कानावर पडत असतो. तिचं काम झालं असेल तर तिला तिसरीच्या गटात बसू द्यायला ना परवानगी लागते, ना पैसा. गुरुजींनी "ये इकडे" म्हणायचं, बस्स.

काय करू नये?

- जास्तीचं तेच ते काम. दहा उदाहरणं लवकर झाली म्हणून आणखी वीस दिली, तर मूल हळू काम करायला शिकतं.
- कायमचं छोटे गुरुजी बनवणं. इतरांना समजावणं कधीतरी चांगलंच. पण रोज तेच असेल, तर त्या मुलाचं स्वतःचं शिकणं थांबतं.
- सतत "किती हुशार!" म्हणणं. मग चूक झाली की हुशारीच गेली असं मुलाला वाटतं. केलेल्या प्रयत्नाबद्दल बोललेलं बरं.
- हुशारी म्हणजे नीटनेटकी वही असं समजणं. वाचन-लेखनात अडखळणारं मूलही एखाद्या गोष्टीत विलक्षण असू शकतं. २००७ च्या 'तारे जमीन पर' सिनेमातला ईशान आठवा. अडचण आणि प्रतिभा एकाच मुलात असू शकतात आणि दोन्हींना मदत लागते.

पालकांनी काय विचारावं?

"आमचं मूल गिफ्टेड आहे, तुम्ही काय करणार?" असं म्हणत शाळेत गेलात, तर संवाद तिथेच संपायची शक्यता जास्त. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारा. वर्गात काम लवकर झालं की तो काय करतो? वाचनालयातली पुस्तकं त्याला त्या वेळात घेता येतील का? त्याला अवघड वाटेल असं काही या आठवड्यात भेटलं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. रोज पैकीच्या पैकी मिळवणारं मूल खूश दिसतं, पण ते नवीन काही शिकत असेलच असं नाही.

आणि शिक्षकांसाठी ब्रॉवर्डचा धडा सोपा आहे. जे मूल पहिल्या बाकावर हात वर करतं, ते दिसतंच. शेवटच्या बाकावर पाटी पालथी घालून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीला तिचं उत्तर कसं आलं, हेही एकदा विचारून पाहायला हवं. तिच्यासाठी वेगळी शाळा लागेलच असं नाही. अकरावं उदाहरण थोडं वेगळं असलं, तरी तिची पुढची वीस मिनिटं वाया जाणार नाहीत.