छत्तीस चित्रांची शाळा

छायाचित्रणाची कला युरोपात १८३९ साली जाहीर झाली आणि ती शिकवण्याची सोय मुंबईत लवकरच झाली. १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग भरू लागला. हरिश्चंद्र चिंतामण याच वर्गात शिकले आणि पुढे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले.

त्या काळची रीत ऐकली तर आज घाम फुटेल. काचेवर कोलोडियनचे चिकट द्रावण पसरायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत धुवायचीही. हाताशी मोजकी मिनिटे. उन्हाळ्यात त्याहूनही कमी. शिकणाऱ्याला नुसती नजर असून भागत नसे, रसायन आणि हवाही कळावी लागे.

पुढे फिल्म आली. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' करत होते, तेव्हा कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडायचे काम सरस्वतीबाई अंधारात बसून करत. फिल्म धुणेही त्या शिकल्या. १९१३ च्या त्या चित्रपटाचे कौतुक करताना या हातांची आठवण आपण क्वचितच काढतो.

आमच्या पिढीच्या वाट्याला आला तो छत्तीस चित्रांचा रोल. बटण दाबले की पैसे गेले! मन लावून शिकणारा प्रत्येक चित्राचे ॲपर्चर आणि शटरचा वेग वहीत टिपून ठेवी, रोल धुऊन आला की वही शेजारी ठेवून चुका शोधी. आम्ही गझल लिहिणारे उस्तादाकडे इस्लाहसाठी वही नेतो, तसेच हे.

डिजिटल कॅमेरा जन्मला तोही फिल्मवाल्याच्याच घरी. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन यांनी तो बनवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. त्याच कोडॅकवर २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. आपल्याकडचा, 'इंदू' फिल्म काढणारा उटीचा कारखानाही बंद पडला.

हळहळ वाटते, पण खरे सांगायचे तर फिल्मची शाळा खिसा पाहून प्रवेश देई. आज नेरूळच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरतात, तेव्हा काठावर कॉलेजची मुलेही कॅमेरा लावून उभी असतात. थवा उडाला की काही सेकंदांत छत्तीसाहून जास्त चित्रे होतात आणि चूक तिथल्या तिथे दिसते. उजेड आहे तोवर सुधारताही येते. विचार मात्र पुष्कळदा बटण दाबून झाल्यावर, निवडताना सुरू होतो. खरे तर वहीसुद्धा कॅमेराच लिहितो: ॲपर्चर, वेग, वेळ, सारे चित्रासोबतच साठते. म्हणून काही जाणते छायाचित्रकार नवशिक्याला सकाळभरात छत्तीसच चित्रे घ्यायला सांगतात आणि संध्याकाळी प्रत्येकामागचे आकडे मोठ्याने वाचायला लावतात.